घरचें दप्तर

आमच्या माजघरांत, पूर्वीं जेथें जोंधळ्याची कणगी उभी असे त्या कोपऱ्यांत, आज एक काळी लोखंडी पेटी ठेविलेली आहे. ती रात्रंदिवस बारीक आवाजानें घुमत असते. पाहुणे येतात, पाणी पितात, आणि त्यांची दृष्टि त्या कोपऱ्याकडे गेली म्हणजे हळूच विचारतात, "हें काय हो?" घरांतील प्रत्येकानें तिला आपापलें नांव देऊन ठेविलें आहे. पुण्यास राहणारी ताई तिला सर्व्हर म्हणते. अण्णा तिला 'मीटर फिरवणारी' म्हणतात. आणि आजी हयात होती तोंवर तिच्या तोंडीं कणगी हेंच नांव होतें. पेटी घरीं आली त्या दिवशीं आजीनें मला विचारलें, "धान्य न्हाय, तर भरतोस काय रे हिच्यात?" मीं म्हटलें, "आजी, आपल्या सगळ्यांचे फोटो, कागद आणि आवाज." ती म्हणाली, "मग वरसाला सारवाय लागंल बाबा. सारवली न्हाय तर किडा लागतो." मी हंसलों. त्या हंसण्याची किंमत मला पुढें सहा वर्षांनीं द्यावी लागली, ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

वार्षिकाच्या संपादकांनीं आम्हां माजी विद्यार्थ्यांस 'स्वानुभवाचें कांहीं तरी लिहा' असें कळविलें आहे. वर्गांत असतांना 'पावसाळ्यांतील एक दिवस' या निबंधापलीकडे माझी मजल कधीं गेली नाहीं, हें माझ्या गुरुजनांस आठवत असेल. त्यांनीं निराश होऊं नये. हा लेखही पावसाळ्यांतील एका दिवसाचाच आहे.

प्रथम ही पेटी म्हणजे काय तें सांगतों. मोबाइलवर काढलेलीं छायाचित्रें, सात-बाराचे उतारे, शाळेचे दाखले, लग्नाच्या चित्रफिती, हें सारें आतां संगणकाच्या फाइलींच्या रूपानें असतें आणि तें कोठें तरी ठेवावें लागतें. बहुतेक लोक तें मोबाइलमध्येंच राहूं देतात आणि मोबाइल विहिरींत पडला म्हणजे हळहळतात. कांहीं जण महिन्याचें भाडें भरून दूरदेशींच्या कंपन्यांच्या कोठारांत ठेवितात. तिसरा मार्ग असा, कीं घरांतच एक लहान संगणक चोवीस तास चालू ठेवावा, त्यांत मोठ्या क्षमतेच्या डिस्का बसवाव्या, आणि घरच्या वायफायवरून प्रत्येकाच्या मोबाइलनें आपला माल आपोआप तेथें नेऊन टाकावा. मीं हा तिसरा मार्ग धरला. २०१८ सालीं पुण्याच्या तपकीर गल्लींत, जेथें विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार आहे, तेथून एका कचेरीनें काढून टाकलेला जुना संगणक घेतला आणि चार चार टेराबाइटच्या दोन नव्या डिस्का त्यांत बसविल्या. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट नांवाची व्यवस्था चढविली. ही व्यवस्था डेबियन या पायावर उभी आहे, आणि डेबियनचा आरंभ इयान मर्डॉक नांवाच्या एका विद्यार्थ्यानें १९९३ सालीं अमेरिकेंत केला. दोन्ही फुकट मिळतात, आणि दोन्हींची घडण कोणासही उघडून पाहतां येते. गरिबाच्या घरीं ही गोष्ट लहान नव्हे.

अण्णांनीं पहिल्याच महिन्यांत हिशेब मांडला. पेटी तीस वॅट वीज घेते; म्हणजे दिवसास पाऊण युनिटाहून किंचित् कमी आणि महिन्यास सुमारें बावीस युनिटें. "बावीस युनिटं काय थोडी झाली?" असें ते जेवतांना रोज विचारीत. पुढें एकदां कर्जाच्या कामीं आजोबांच्या वेळचा एक उतारा तांतडीनें हवा झाला आणि तो पेटींतून दोन मिनिटांत निघाला. तेव्हांपासून अण्णा पेटीवरील धूळ स्वतः पुसूं लागले. आमच्याकडे धूळही साधी नसते. आमचें पारगांव आंबेगांव तालुक्यांतील. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना याच शिवारांत, दत्तात्रयनगर येथें आहे. हंगाम सुरू झाला कीं उसाच्या गाड्यांची माती आणि जळत्या पाचटाची काजळी घरांत येते, ती पेटीच्या पंख्यांत जाऊन बसते.

मुलांनो, तुम्ही दप्तर हा शब्द पाठीवरच्या पिशवीस लावतां. तो शब्द फारशींतून आला, आणि त्याचा जुना अर्थ नोंदींचा संग्रह असा आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचें नांव तुम्हीं इतिहासाच्या तासाला ऐकलें असेल. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं तर जुन्या वाड्यांचे माळे धुंडाळून कागद गोळा केले आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. सरदेसाई आणि राजवाडे यांचीं नांवें आपण घेतों तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांत ते कागद दोनदोनशें वर्षें बासनांत बांधलेले राहिले, त्या घरांतून कोणी तरी दर उन्हाळ्यांत तीं बासनें सोडून उन्हांत घातलीं असतील, वाळवी झटकली असेल आणि पुन्हां गांठ मारली असेल. त्या माणसांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. मला आतां त्यांच्याविषयीं अधिक वाटतें. जुन्नरच्या नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेख खडकांत कोरलेला आहे. त्यास बासनाची गरज नव्हती. तरी त्याचींही कितीएक अक्षरें झिजून गेलीं आहेत.

असो. सारवण्याकडे वळतों. या पेटीस आजीच्या कणगीप्रमाणेंच वरचेवर हात फिरवावा लागतो; त्यास आम्ही लोक अपडेट म्हणतों. त्याचे दोन प्रकार आहेत. एक लहान, आठवड्यास होणारें, म्हणजे पावसापूर्वीं घर शाकारतांना फुटकें कौल बदलावें तसें. दुसरें मोठें, दोन-तीन वर्षांनीं येणारें, म्हणजे घर उभें ठेवून त्याचे वासे बदलावे तसें. ताई नेहमीं म्हणे, "चालतंय ना तुझं यंत्र? मग उगाच हात कशाला लावतोस?" प्रश्न वरवर रास्त आहे. परंतु मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या एका उपद्रवी प्रोग्रामनें थोड्याच दिवसांत शंभराहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले आणि उघडण्यासाठीं खंडणी मागितली; इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांत रोग्यांना परत पाठवावें लागलें. ज्या फटींतून तो आंत शिरला, ती बुजविण्याचें साधन दोन महिने आधीं, मार्च महिन्यांतच, प्रसिद्ध झालें होतें. ज्यांनीं तें लावलें नाहीं त्यांचीं दारें उघडीं राहिलीं. त्याच मे महिन्यांत सांबा नांवाच्या प्रोग्राममध्येंही एक मोठी फट सांपडली. हा प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९२ मध्यें सुरू केला, आणि माझ्या पेटीसारख्या कोठारांतून घरांतील संगणकांना फाइली काढून देण्याचें काम बहुधा तोच करतो. ती फट २०१० पासून तेथें होती आणि सात वर्षें कोणाच्या लक्षांत आली नव्हती. म्हणून ताईस माझें उत्तर असे, कीं यंत्र चालतें आहे एवढ्यावरून तें सुरक्षित आहे असें होत नाहीं. हें माझें उत्तर बरोबर होतें. चूक मीं दुसरीकडेच केली.

ती चूक समजण्यासाठीं आरशाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८८ सालीं बर्कली येथील विद्यापीठांतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एक महाग आणि मोठी डिस्क घेण्यापेक्षां अनेक स्वस्त डिस्का जोडून कशा वापराव्या, हा त्याचा विषय. त्यांनीं मांडलेल्या रचनांपैकीं पहिली म्हणजे आरसा: जें एका डिस्कवर लिहिलें जाईल तेंच त्याच क्षणीं दुसरीवरही लिहिलें जावें, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत राहील. माझ्या पेटींत हीच रचना होती, आणि तिचा मला मोठा अभिमान होता. मी ज्याला त्याला सांगत असें, "एक सोडून दोन ठिकाणीं आहे."

माझी आत्या मंचरला राहते. आजी तिची आई. आजीचें माहेर घोड नदीच्या वरच्या खोऱ्यांत. तें गांव आणि तेथील शेतें आतां डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहेत. ज्या आंबेगांवावरून आमच्या तालुक्यास नांव मिळालें तें जुनें गांवही त्याच पाण्यांत गेलें. आजी कधीं शाळेंत गेली नाहीं, परंतु जात्यावरच्या ओव्या तिला अगणित येत. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत आत्या जेव्हां जेव्हां माहेरपणास आली, तेव्हां तेव्हां तिनें आजीचें गाणें आणि बोलणें आपल्या मोबाइलवर उतरून घेतलें. एकूण एक्केचाळीस तुकडे झाले. २०२१ सालीं आजी गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पूर्वीं अनेक वर्षें खेडोपाडीं फिरून स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 'पारी' हें नियतकालिक २०१७ पासून त्या प्रसिद्ध करीत आहे. तो संग्रह मीं पुष्कळदां ऐकला आहे. त्यांत आमच्या आजीचा आवाज नाहीं. तो होता तो फक्त आत्याच्या मोबाइलमध्यें.

२०२४ च्या अक्षय्यतृतीयेस आत्या आमच्याकडे आली. तिच्या मोबाइलमध्यें तिळभर जागा उरली नव्हती आणि तो वारंवार अडत होता. मीं ते एक्केचाळीस तुकडे पेटींत उतरविले, प्रत्येकास दिनांक व नांव दिलें, आणि मोठ्या ऐटीनें म्हणालों, "आत्या, आता खुशाल पुसून टाक. एक सोडून दोन डिस्कांवर आहे." ती क्षणभर थांबली. "नक्की ना रे?" असें तिनें विचारलें. "नक्की," मीं म्हटलें. तिनें माझ्यासमोर एकेक तुकडा पुसला. पुढें महिन्याभरानें तो मोबाइलही तिनें दुकानांत देऊन नवा घेतला.

आतां पावसाळ्यांतील दिवस. डेबियनच्या अकराव्या आवृत्तीची नियमित देखभाल ऑगस्ट २०२४ मध्यें थांबणार होती. ओपनमीडियाव्हॉल्टची सातवी आवृत्ति बाराव्या डेबियनवर चालते; तिच्यावर जाणें प्राप्त होतें. श्रावणांतील एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर मी बसलों आणि आज्ञा दिली. शेंकडों भाग एकामागून एक उतरूं लागले. निम्में काम झालें असेल नसेल, तोंच पश्चिमेकडून मोठी सर आली आणि वीज गेली. वीज जाणें आमच्याकडे नवलाचें नाहीं, आणि त्यासाठींच पेटीशेजारीं यूपीएस ठेविलेला होता. परंतु त्याची बॅटरी मीं चार वर्षांत एकदांही बदलली नव्हती. त्यानें एक दीर्घ शिट्टी घातली आणि सारें शांत झालें. वर्षानुवर्षें घुमणारी ती पेटी गप्प झाली तेव्हां स्वयंपाकघरांतून आई बाहेर आली, इतकी ती शांतता वेगळी होती.

वीज आल्यावर पेटी उठेना. तरी मी घाबरलों नाहीं. व्यवस्था एका लहान निराळ्या डिस्कवर होती, आणि घरचा माल त्या दोन मोठ्या डिस्कांवर. वासे मोडले तरी धान्य शाबूत, असा विचार करून मीं मोठ्या डिस्का सोडविल्या, लहानीवर नवी आवृत्ति पहिल्यापासून चढविली, आणि संध्याकाळीं मोठ्या डिस्का पुन्हां जोडल्या. त्यांपैकीं एक नीट फिरूं लागली. दुसरींतून टक्, टक्, टक् असा आवाज येऊं लागला. हा आवाज ज्यानें ऐकला आहे त्याला तो कशाचा तें सांगावें लागत नाहीं. डिस्कमधील तबकडी मिनिटास ५४०० फेरे, म्हणजे सेकंदास नव्वद फेरे घेते, आणि अक्षरें वाचणारें टोक तिच्यावर कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. एक धुळीचा कणही त्या फटीपुढें धोंड्यासारखा असतो. तें टोक बिघडलें कीं तें जागा शोधीत पुनःपुन्हां आपटत राहतें. तरी मी म्हणालों, आरसा आहे ना? एक मेली तर दुसरी आहे. जिवंत डिस्क एकटीच चालूं व्हायला तयार नव्हती, तिला मीं बळजबरीनें चालूं केलें. सारे फोल्डर दिसले. मी आईला हांक मारून सांगितलें, "आलं गं सगळं!"

मग मीं आजीचा फोल्डर उघडावयास गेलों. तो नव्हता. मेचा कोणताच फोल्डर नव्हता. एप्रिलचा नव्हता, मार्चचा नव्हता. शेवटची नोंद फेब्रुवारीची.

काय झालें असावें तें उलगडावयास मला मध्यरात्र झाली. ही जी डिस्क आतां जिवंत होती, तिची तार फेब्रुवारींत केव्हां तरी सैल होऊन ती आरशांतून बाहेर पडली होती. त्या दिवसापासून पेटी एकाच डिस्कवर लिहीत होती. असें कांहीं झालें तर मालकास पत्र धाडावें अशी सोय यंत्रांत असते, आणि माझ्या यंत्रानें तीं इमानें धाडलींही होतीं. परंतु माझ्या ई-मेलचा परवलीचा शब्द मीं डिसेंबरांत बदलला होता आणि तो यंत्रास सांगावयास विसरलों होतों. सहा महिने तें बिचारें दार ठोठावीत होतें. 'एक सोडून दोन ठिकाणीं' असें मीं आत्यास ज्या दिवशीं छातीठोकपणें सांगितलें, त्या दिवशीं तें एकाच ठिकाणीं होतें. आणि तें ठिकाण आतां टक् टक् करीत होतें.

अण्णांना सकाळीं सांगितलें. ते रागावतील असें मला वाटलें होतें. ते इतकेंच म्हणाले, "आधी तिला सांग." मीं तें ऐकलें नाहीं. आधीं डिस्क दुरुस्त करून आणतों, मग सांगतों, असें म्हणून ती टॉवेलांत गुंडाळून पुण्यास नेली. अशा डिस्का उघडून माल काढून देणारे कारागीर असतात. ते धूळविरहित कपाटांत डिस्क उघडतात, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचें टोक काढून हिला बसवितात, आणि मिळेल तेवढें वाचून घेतात. खर्च एका चांगल्या म्हशीच्या निम्म्या किमतीइतका आला. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आत्याचा दोनदां फोन आला आणि मीं दोन्ही वेळां पावसाविषयीं बोललों. शेवटीं पुण्याहून निरोप आला: सदतीस तुकडे मिळाले, चार मिळाले नाहींत, त्या जागीं तबकडीवर ओरखडे पडले आहेत.

मी मंचरला गेलों. आत्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती. मीं सारें सांगितलें. बॅटरी, तार, परवलीचा शब्द, आणि तीन आठवड्यांची लबाडी, कांहीं वगळलें नाहीं. ती शेंगा फोडीत राहिली. मग म्हणाली, "कुठल्या चार?" मला तें सांगतां येईना, नांवें मीं दिलीं होतीं, परंतु कोणत्या तुकड्यांत काय आहे हें मीं पुरतें ऐकलेंच नव्हतें. ठेवण्याच्या घाईंत ऐकावयाचें राहून गेलें होतें. तेव्हां आम्ही दोघें बसून ते सदतीस तुकडे पहिल्यापासून ऐकत गेलों. दिवे लागणीपर्यंत ऐकत होतों. आजीचा आवाज, जात्याची घरघर, मध्येंच आमच्या गाईचें हंबरणें, आणि एके ठिकाणीं मी स्वतः, "आजी, चहा झाला का?" असें विचारतांना. संपल्यावर आत्या बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "घरांचा गेला."

तो तुकडा गाण्याचा नव्हता. त्यांत आजीनें आपल्या माहेरच्या आळींतील घरें, वेशीपासून नदीपर्यंत, एकामागून एक नांवें घेऊन सांगितलीं होतीं. कोणाचें दार कोणीकडे, कोणाच्या परसांत कसलें झाड. ती आळी पाण्याखालीं गेली तेव्हां तिचें चित्र कोणी काढलेलें नव्हतें. मीं आत्यास म्हटलें, "तुला आठवतात का?" तिनें डोळे मिटले आणि सांगूं लागली. मीं माझा मोबाइल पुढें केला. तिनें सहा घरें भराभर सांगितलीं. सातव्या घरापाशीं ती थांबली. पुन्हां वेशीपासून सुरुवात केली, आणि पुन्हां सातव्यापाशीं थांबली. "पुढं चिंच होती एवढं खरं," असें म्हणाली. आठव्या घराचें नांव आतां सांगणारें कोणी उरलेलें नाहीं. मीं आत्याची, आणि पुढें अण्णांचीही, वारंवार खातरजमा केली आहे.

त्यानंतर नवी डिस्क मागविली, ती पहा दुसऱ्या पारगांवास गेली! शेजारच्या जुन्नर तालुक्यांत आळ्याकडे एक पारगांव आहे, आणि या दोन गांवांनीं टपालवाल्यांस पिढ्यान् पिढ्या छळलें आहे. पार्सल तेथील एका किराणा दुकानांत दोन दिवस पडून होतें. मी मोटारसायकलीवर आणावयास गेलों. दुकानदारानें तें धान्याच्या पोत्यांमागें, उंदीर लागूं नये म्हणून पत्र्याच्या डब्यांत घालून ठेविलें होतें. "आत काय आहे ठाऊक नाही, पण जड आहे, म्हणजे जपायचंच," असें तो म्हणाला. मला त्याच्यापासून शिकण्यासारखें होतें. त्या भागांत गेलें म्हणजे शेतांमधून खोडदच्या महादुर्बिणीच्या पांढऱ्या जाळीदार तबकड्या दिसतात. अशा तीस आहेत, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर, आणि त्या दूरच्या तारकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. हजारों वर्षें प्रवास करून आलेली लहर एका क्षणांत निघून जाते. राहते ती फक्त तिची नोंद. त्या दिवशीं त्या तबकड्यांकडे मीं निराळ्या दृष्टीनें पाहिलें.

आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हें आतां मला पक्कें कळलें आहे. आरशासमोर आपण एक फाइल पुसली तर आरशांतूनही ती त्याच क्षणीं पुसली जाते. शिवाय दोन्ही डिस्का एकाच पेटींत, एकाच घरांत, एकाच विजेवर. ३० जुलै २०१४ रोजीं आमच्याच तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांच्याबरोबर घरांतील कागद आणि चित्रेंही मातीखालीं गेलीं. एका छपराखालीं कितीही प्रती केल्या तरी त्या एकच प्रत होत.

म्हणून आतां तिसरी डिस्क मंचरला आत्याच्या कपाटांत, तिच्या लुगड्यांच्या घडींत असते. ती स्वतःच म्हणाली, "माझ्याकडं ठेव. तुझ्या कणगीचा मला भरवसा नाही." दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती एस.टी.नें डिस्क घेऊन येते, मी नवा माल तिच्यावर उतरवितों, आणि तिच्यासमोर कोणतेही तीन तुकडे वाजवून दाखवितों. नुसती नक्कल केली म्हणजे पुरत नाहीं. ती उघडते कीं नाहीं हें पाहावें लागतें. तीन तुकडे कोणते तें आत्या ठरविते, आणि बहुतेक वेळां त्यांत तो सहा घरांचा असतो. यूपीएसची बॅटरी नवी आहे. यंत्राचीं पत्रें आतां मला, ताईला आणि ताईच्या यजमानांना अशीं तिघांना जातात, आणि तीं येत आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं मी मधून मधून मुद्दाम एक खोटी आरोळी ठोकवितों. ताईचे यजमान त्यावर फार चिडतात.

आजोबांच्या मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्याही मीं या निमित्तानें माळ्यावरून काढल्या आहेत. घरांत त्या कोणाला वाचतां येत नाहींत. त्यांत आजीच्या माहेरच्या माणसांचीं नांवें निघण्याचा संभव आहे, असें अण्णांचें म्हणणें आहे. प्रत्येक पान छायाचित्र काढून पेटींत ठेवीत आहें, आणि मोडी शिकण्यास आरंभ केला आहे. तीन महिन्यांत माझी गति आंकड्यांपुढें गेली नाहीं.

डेबियनची तेरावी आवृत्ति ऑगस्ट २०२५ मध्यें आली. तेव्हां पुन्हां एकदां वासे बदलावयाचे आहेत. पेटीनें तशी सूचना दिली आहे आणि ताई पुन्हां म्हणाली आहे, "चालतंय ना? मग कशाला?" मीं ठरविलें आहे कीं तें करावयाचें. परंतु आज बुधवार आहे, आणि आत्या डिस्क घेऊन येणार ती रविवारीं. ती येईपर्यंत मी त्या बटणास हात लावणार नाहीं.